स्वस्तातला परफॉर्मन्स फिल्टर, जुनी पल्सर आणि कोराडी रोडची धूळ

प्रश्न : नमस्कार. मी मानकापूरला राहतो आणि खापरखेड्याला एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात. गाडी बाबांची, २००९ ची पल्सर १५०. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून घेतली आणि बाबांनी ती मला दिली. पण सहा महिन्यांपासून गाडी पिकअप नाही घेऊन राहिली. ट्रकला ओव्हरटेक करताना मूठ पूर्ण पिळली तरी दबल्यासारखी चालते. अ‍ॅव्हरेज पन्नासवरून चाळीसवर आलं. मित्राने त्याच्या गाडीला परफॉर्मन्स एअर फिल्टर (इंजिनात जास्त मोकळी हवा जाऊ देणारा) लावला, त्याला फरक जाणवला. तो म्हणतो तूही टाक, पॉवरही वाढते आणि अ‍ॅव्हरेजही. ऑनलाइन पाहिलं तर कापडी फिल्टर बाराशेला आहे आणि कोनसारखा उघडा फिल्टर पाचशेला. मिस्त्री म्हणतो कोन लावू, फिल्टरचा डबा काढून टाकू, आवाजही भारी येईल. बाबा म्हणतात, कंपनीचा टाक आणि गप बस. माझं बजेट पंधराशे रुपये. कोणाचं ऐकू? डब्याचे आणि कार्ब्युरेटरचे फोटो सोबत पाठवतो आहे. – एक वाचक, मानकापूर, नागपूर

उत्तर : आधी बाबांचं ऐका. वर्षभराने हौस कायम असली तर मित्राचं अर्धं ऐका. मिस्त्रीचं मात्र या एका बाबतीत अजिबात ऐकू नका. तो बाकी कामात चांगला असेल, तुमची गाडी त्याच्याच हाताखाली इतकी वर्षं चालली असेल, पण डबा काढायचा सल्ला तुमच्या रस्त्यावर तुमच्या इंजिनचं आयुष्य कमी करणारा आहे.

तुम्ही पाठवलेला डब्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. आतला फिल्टर राखाडी-काळ्या थराखाली झाकून गेला आहे आणि डब्याच्या कोपऱ्यात वाळलेल्या काड्या व चिंध्या दिसतात. तिथे उंदराने घर केलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार वेळा होतं आणि बहुतेकांना ते कळतही नाही, कारण बाजूचं पॅनेल कोण उघडतो? जी गाडी त्या थरातून आणि त्या चिंध्यांतून श्वास घेते आहे, ती दबल्यासारखी चालणारच. म्हणून तुमचा प्रश्न ‘कोणता फिल्टर भारी’ हा नाहीच. तुमच्या गाडीला आज चालू स्थितीतला फिल्टरच नाही, हा आहे.

हे एवढं ठासून का सांगतो, त्यासाठी थोडा हिशेब करू. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण चौदा-पंधरा पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला जवळपास अकरा किलो हवा. तिचं आकारमान काढलं तर नऊ हजार लिटरच्या घरात जातं. उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांत पाणी घेऊन दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, जवळजवळ तेवढा एक टँकर हवा तुमची गाडी दर लिटर पेट्रोलमागे ओढते. रोजचे तीस किलोमीटर आणि चाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर महिन्याला वीस लिटर पेट्रोल आणि अठरा-वीस टँकर हवा. ही सगळी हवा तळहाताएवढ्या त्या एका तुकड्यातून गाळून जाते.

आता ही हवा कुठली? कोराडी रोडची. एका बाजूला कोराडीचं औष्णिक वीज केंद्र, पुढे खापरखेड्याचं, मधे राख आणि कोळसा वाहणारे ट्रक. तुम्ही ज्या ट्रकला ओव्हरटेक करता म्हणता, त्याच्या मागे असताना तुम्ही काय हुंगता ते तुमच्या शर्टाच्या कॉलरला विचारा. उडती राख दिसायला पिठासारखी मऊ असते, पण तिच्यात मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं, म्हणजे वाळूच्याच जातीचा माल. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो तो काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून तो थर किती पातळ ते लक्षात घ्या. डोळ्यांना न दिसणारा राखेचा कण त्या थरात शिरला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. रिंगा झिजतात, गाडी ऑइल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि मग मिस्त्री बोर-पिस्टनचा खर्च सांगतो. पाचशे रुपयांचा कोन शेवटी त्या बिलात जाऊन बसतो.

आतापर्यंत किती धूळ आत गेली हे तपासायची एक सोपी रीत आहे. फिल्टरचा डबा आणि कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) यांना जोडणारी रबरी नळी असते. ती सैल करा आणि तिच्या आत पांढरं, कोरडं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं किंवा फक्त तेलकट झालं तर बाबांनी गाडी जपली आहे असं समजा. त्यावर बारीक रवाळ मळ आला, बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर फिल्टरला कुठेतरी भोक आहे किंवा त्याची कड नीट बसत नाही. तसं असेल तर इंजिन ऑइल लगेच बदला, त्याची तारीख यायची वाट पाहू नका.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य किती? थोडं आहे. कापडी फिल्टर कागदापेक्षा मोकळा असतो हे खरं. पण त्याचा फायदा कधी होतो ते कळलं पाहिजे. मूठ पिळल्यावर कार्ब्युरेटरमधली वाट उघडते आणि मूठ सोडल्यावर ती बंद होते. शहरात, ट्रॅफिकमध्ये, पन्नासच्या स्पीडने जाताना ती वाट थोडीशीच उघडी असते. हवेला खरी अडचण तिथे होते, फिल्टरमध्ये नाही. दार अर्धं लोटलेलं असताना अंगणाचं फाटक कितीही रुंद केलं तरी घरात येणारी माणसं तेवढीच. फिल्टरचा मोकळेपणा मूठ पूर्ण पिळून आठ-नऊ हजार आरपीएमला गाडी ओढताना उपयोगी पडतो. रेसच्या ट्रॅकवर त्याला किंमत आहे. मानकापूर ते खापरखेडा या प्रवासात तसे क्षण दिवसातून दोन-तीनदा, तेही काही सेकंदच. मग मित्राला फरक जाणवला तो का? कारण त्याने जुना, तुंबलेला फिल्टर काढून नवा लावला. कंपनीचा दोनशे रुपयांचा नवा लावला असता तरी त्यातला बहुतेक फरक जाणवलाच असता.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की ओढ वाढते आणि हवेच्या मानाने पेट्रोल जास्त येतं. प्लग काळे पडतात, धुराला पेट्रोलचा वास येतो आणि पैसे सायलेन्सरमधून जातात. फिल्टर बदलला की ते थांबतं. पण चांगल्या फिल्टरच्या जागी अधिक मोकळा फिल्टर लावून अ‍ॅव्हरेज वाढतं, हे मी माझ्या पंचवीस वर्षांच्या गॅरेजच्या कामात कधी पाहिलं नाही.

इथे पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं. पन्नासचे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस होतील, चाळीस होणार नाहीत. तेव्हा सगळा दोष पेट्रोलवर टाकून मोकळं होऊ नका. पण इथेनॉलची दुसरी बाजू तुमच्या फिल्टरच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या ठरावीक मापाच्या भोकावर, चालणाऱ्या गाडीत मिश्रण हवेकडे झुकतं, मिस्त्री ज्याला ‘लीन’ म्हणतात तसं. नव्या बीएस-सहा गाड्यांत सेन्सर असतो, इंजेक्शन असतं, ती गाडी आपलं आपण सांभाळून घेते. २००९ च्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही. कारखान्यात बसवलेल्या भोकातून जेवढं येतं तेवढंच तो देतो. आधीच लीन झालेल्या गाडीला आणखी मोकळा फिल्टर लावला तर ती आणखी लीन होणार. इंजिन तापतं, मूठ उघडताना क्षणभर अडखळतं, मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. पोरांना तो आवाज आवडतो, पण तो तक्रारीचा आवाज आहे.

आता कोन. माझ्याकडे तरुणपणी यामाहाची आरएक्स १०० होती. मी तिचा डबा काढून कोन लावला, मेन जेट तोच ठेवला आणि आनंदात रामटेकला निघालो. मनसरच्या अलीकडे पिस्टन जाम झालं आणि मागचं चाक लॉक झालं. क्लच दाबायचं सुचलं आणि मागून ट्रक नव्हता, म्हणून आज हे लिहितो आहे. टू-स्ट्रोक इंजिन लीन झालं की अशी शिक्षा जागच्या जागी देतं. तुमची फोर-स्ट्रोक पल्सर सोशिक आहे, ती महिनोन्‌महिने तशीच चालेल. पण आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजत राहील, आणि तुम्हाला ते कळेल तेव्हा हेड उघडावं लागेल. त्या दिवसापासून मी कोणाच्याही रोजच्या गाडीचा डबा काढून दिला नाही, दुप्पट मजुरी देतो म्हणाले तरी नाही.

तुमच्या गाडीत तर कोन न लावण्याचं आणखी एक कारण फोटोतच दिसतं. कार्ब्युरेटरच्या डोक्यावर चपटं गोल टोपण आहे आणि मुठीची केबल त्या टोपणात न जाता बाजूच्या चकतीला जाते. म्हणजे हा व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब्युरेटर आहे. तुमची मूठ फक्त हवेच्या वाटेतली झडप, म्हणजे पाकळी, फिरवते. आतला स्लाइड, म्हणजे वर-खाली सरकून हवेची वाट कमी-जास्त करणारा तुकडा, उचलतो तो हवेच्या दाबातला फरक, एका पातळ रबरी पडद्याच्या मदतीने. त्या पडद्याखालची हवा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेल्या बारीक वाटेतून येते. पाचशेच्या कोनाची जाड रबरी मान कार्ब्युरेटरच्या तोंडावर चढवली की बरेचदा ती नेमकी ही वाट अर्धी झाकते. मग स्लाइड कधी उचलतो, कधी अडकतो, आणि मिस्त्री आठवडाभर जेट बदलत बसतो.

शिवाय डबा म्हणजे नुसतं झाकण नाही. तो शांत हवेचा साठा आहे. त्याच्या नळीची लांबी-रुंदी इंजिनच्या ओढीच्या ठेक्याशी जुळवलेली असते, त्यामुळे मधल्या स्पीडला ओढ चांगली मिळते. डबा काढल्यावर नेमकी ही मधली ओढ जाते, आणि ट्रकला ओव्हरटेक करायला तुम्हाला तीच तर हवी आहे. उघडा कोन सिलिंडरच्या मागे, तापलेल्या फिन्सच्या झळेत बसतो आणि गरम, विरळ हवा ओढतो. पावसाळ्यात पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी थेट त्याच्यावर येतं. आणि इंजिनच्या पोटातून वाफ बाहेर काढणारी बारीक नळी डब्याला जोडलेली असते. डबा गेला की ती लोंबकळत राहते आणि उलट्या बाजूने धूळ ओढायला मोकळी होते.

हे सगळं मिस्त्रीला सांगा, पण भांडू नका. त्याने ज्या गाड्यांना कोन लावले त्यातल्या किती गाड्या दोन वर्षांनी त्याच्याकडे बोरसाठी आल्या, एवढंच विचारा.

पंधराशे रुपये कसे खर्चायचे ते सांगतो. सगळ्यात आधी डबा पूर्ण मोकळा करून आतून पुसून घ्या, उंदराचा पसारा काढा, झाकणाची रबरी पट्टी फाटली आहे का पाहा. डब्याच्या तळाला एक बंद टोकाची पारदर्शक किंवा काळी नळी असते, तिच्यात तेल-पाणी साचतं. ती मोकळी करून परत लावा, उघडी सोडू नका. मग कंपनीचा नवा फिल्टर, दोनेकशे रुपयांच्या आसपास, दुकानागणिक थोडा फरक. लोकल बॉक्समधला पन्नास रुपयांनी स्वस्त मिळेल, तो घेऊ नका. त्याची कड अनेकदा पातळ असते आणि धूळ मधून न जाता कडेने जाते.

फिल्टरनंतर माझा सगळ्यात मोठा संशय इंजिन आणि कार्ब्युरेटर यांना जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर आहे. पंधरा वर्षांच्या गाडीत उष्णतेने तो कडक होतो आणि पोटाखालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, चिरतो. त्या चिरेतून न गाळलेली हवा आत जाते. गाडी स्लोवर असताना त्या रबरावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून पाहा. रेस बदलली किंवा इंजिन गचके खाऊ लागलं तर रबर बदलाच. पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर मारून ही तपासणी करणारे आहेत. गरम इंजिनवर ते करू देऊ नका, आग लागते.

त्याच खेपेला कार्ब्युरेटर उघडून साफ करून घ्या आणि मघाशी सांगितलेला रबरी पडदा उजेडात धरून पाहा. सुईएवढं भोक असलं तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही, आणि लक्षणं अगदी तुम्ही लिहिली तशीच असतात : मूठ पूर्ण, गाडी दबलेली. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मोजून लावून घ्या. प्लग दोन्ही बदला. तुमच्या इंजिनला दोन प्लग आहेत, आणि आडबाजूचा प्लग काढायला कंटाळा येतो म्हणून बरेच मिस्त्री एकच बदलतात. समोर उभं राहून दोन्ही बदलून घ्या. क्लच घसरतो का तेही एकदा बघा. चढावर, कोराडी रोडच्या उड्डाणपुलावर म्हणा, वरच्या गिअरमध्ये मूठ पिळल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण स्पीड चढत नाही, तर दोष क्लचचा आहे, आणि जगातला कोणताही फिल्टर तो भरून काढणार नाही. चेन आणि टायरची हवा तर तुम्ही पाहतच असाल.

सुटे भाग आणि मजुरी धरून हे सगळं पंधराशेच्या आसपास बसेल. रबर आणि पडदा दोन्ही गेलेले निघाले तर थोडं वर जाईल, पण ते पैसे फिल्टरवर घालवण्यापेक्षा इथे घाला.

यानंतर पाचशे-सहाशे किलोमीटर चालवा आणि प्लग काढून बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग हवा. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर हवा जास्त. हवेच्या स्क्रूने फक्त स्लो आणि सुरुवातीची थोडी मूठ यांचं मिश्रण बदलतं. मधल्या मुठीचं काम स्लाइडला लावलेली सुई करते आणि पूर्ण मुठीचं मेन जेट. स्क्रू फिरवून सगळं ठीक करतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि हे सेटिंग मे महिन्यात भर दुपारी करून घेऊ नका. हा मुद्दा आपल्या शहराचा आहे म्हणून जरा थांबतो. हवा तापली की विरळ होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. या दोन हवांच्या वजनात सुमारे अकरा टक्क्यांचा फरक पडतो. फिल्टर बदलून जेवढा फरक पाडू अशी तुमच्या मित्राला आशा आहे, त्याहून जास्त फरक नागपूरचं हवामान दर वर्षी फुकटात पाडतं. मे महिन्यात विरळ हवेमुळे मिश्रण पेट्रोलकडे झुकलेलं असतं. तेव्हा मिस्त्रीने पेट्रोल कमी करून ठेवलं की डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी लीन होते आणि चोक दिल्याशिवाय चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे किंवा होळीच्या आधी, हवा मध्यम असताना सेटिंग केलं तर ते वर्षभर निभावतं.

आता तुमच्या हौशीकडे येतो, कारण ती मला समजते. गाडी बाबांची आहे आणि तिच्यात आपलंही काही असावं असं वाटणं चुकीचं नाही. वरचं सगळं झाल्यावर, गाडी पुन्हा पन्नासच्या जवळ आल्यावर, कापडी फिल्टर घ्यायचा तर जरूर घ्या, पण तुमच्याच डब्यात, मूळ फिल्टरच्या जागी बसणारा घ्या. सुती कापडाचे थर अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत घडी घालून बसवायचे आणि त्यांना तेल लावायचं, म्हणजे धूळ तेलाला चिकटते आणि हवा जाते, अशी ही रचना. ती जगभर पोहोचवली कॅलिफोर्नियातल्या के अँड एन या कंपनीने. तिची सुरुवात १९६९ ची, मोटरसायकलींच्याच धंद्यातून. अस्सल माल काही हजारांचा असतो, आणि म्हणूनच त्याच नावाचे नकली बॉक्स पाचशे-सातशेला मिळतात. ते घेण्यापेक्षा आपल्या नावाने विकणाऱ्या एखाद्या साध्या कंपनीचा बाराशेचा फिल्टर बरा. हातात घेऊन पाहा : घड्या एकसारख्या हव्यात, रबरी कड मऊ हवी आणि दाबल्यावर परत फुगली पाहिजे, जाळी कुठे सुटलेली नको. ऑनलाइन मागवलात तर परत करता येतो याची खात्री करा आणि आधी कोरडाच डब्यात बसवून बघा. झाकण जोर लावून दाबावं लागत असेल किंवा कड हलत असेल तर परत पाठवा. बसवताना कडेला ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा.

एक मात्र मनापासून ठरवा. कापडी फिल्टर हा तेल लावलेला असेपर्यंतच फिल्टर असतो. कोरडा पडला की त्याचं नुसतं जाळीदार फडकं होतं आणि तुमच्या रस्त्यावरची बारीक राख त्यातून आरपार जाते. कंपनी पुस्तिकेत जी मुदत देते ती स्वच्छ रस्त्यांची असते, तुम्ही ती निम्मी धरा. धुताना त्याचं क्लीनर वापरा, ते नसेल तर सौम्य साबणाचं पाणी, पेट्रोल किंवा डिझेल नको. पाणी आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर जाऊ द्या, नळाच्या हलक्या धारेने. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कापडाचे धागे सरकतात. वाळवायचा सावलीत, गच्चीवरच्या उन्हात नाही. पूर्ण वाळल्यावर त्याचंच तेल प्रत्येक घडीवर एकेक बारीक रेघ, मग वीस मिनिटं थांबून पांढरे डाग राहिले असतील तिथे पुन्हा थोडं. इंजिन ऑइल लावू नका, ते ओघळतं. क्लीनर आणि तेलाच्या बाटल्यांचा खर्च आधीच धरा. ‘आयुष्यभर चालतो’ म्हणून स्वस्त वाटणारा हा फिल्टर एवढं केल्यावर कागदापेक्षा फारसा स्वस्त पडत नाही. ज्याला दर दोन महिन्यांनी रविवारचा एक तास गाडीजवळ बसायला आवडतं त्याच्यासाठी तो आहे.

तोपर्यंत कंपनीच्या फिल्टरची काळजी कशी घ्यायची हे त्याच्या जातीवर ठरतं, म्हणून नवा घेताना बोटाने दाबून बघा. स्पंज असेल तर डिटर्जंटच्या कोमट पाण्यात दाबून-दाबून धुवा, पिळू नका, वाळल्यावर गिअर ऑइलमध्ये भिजवून जास्तीचं दाबून काढा. कोरडा कागद असेल तर हलक्या हवेने आतून बाहेर फुंका. पंक्चरवाल्याच्या पाइपाचा पूर्ण जोर दिला तर कागद फाटतो. आणि कागदाला हात चिकट लागला तर तो तेल लावलेला कागद आहे. त्याला ना धुवायचं ना फुंकायचं, मुदत झाली की बदलायचा. या तिसऱ्या जातीच्या फिल्टरला दर सर्व्हिसिंगला हवा मारून खराब केलेलं मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं आहे.

पीयूसीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुन्हा नोंदणी केलेल्या गाडीला तो विषय सुटत नाही. तुमच्या गाडीच्या काळातल्या फोर-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आहे. आज तुंबलेल्या फिल्टरने ती ओलांडली जाण्याची शक्यता आहे. तेव्हा दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर एकदा पीयूसी सेंटरवर आकडा काढून घ्या आणि दोन्ही कागद जपून ठेवा. मिश्रण किती सुधारलं हे त्या आकड्याइतकं स्वस्तात दुसरं कोणी सांगणार नाही. डब्याच्या आतला फिल्टर बदलल्याने गाडीच्या मूळ रचनेत बदल होत नाही. डबा कापून कोन लावला तर होतो, आणि आवाजही वाढतो.

येत्या रविवारी डबा उघडाल तेव्हा बाबांना सोबत बसवा. पॅनेलच्या खाचा पंधरा वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात आणि चुकीच्या बाजूने ओढलं की तुटतात. कोणत्या बाजूने ओढायचं ते त्यांच्या हातांना माहीत असेल.